जुन्या व्हॅनचं पाणी कधी जातं? गॅरेजात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी

आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आमच्याकडे गोव्यात डिचोलीला येणाऱ्या मुलांचे हात इंजिन खोलायला शिवशिवत असतात. खोला, पण नंतर. व्हॅनचं कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, कमी होत असेल तर पाना उचलण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, पाणी कधी जातं? सकाळी गाडी थंड असताना, चालताना, चढावर, की बंद केल्यावर? कुठून गळतं ते त्याला माहीत नसतं आणि तरीही तो ठासून सांगतो. वेळ मात्र तो बरोबर सांगतो, कारण बाटली घेऊन पाणी त्यानेच ओतलेलं असतं.

आमच्या भागात जुनी व्हॅन म्हणजे बहुतेक वेळा मारुतीची ओम्नी. १९८४ ला आलेली ही गाडी कंपनीने २०१९ ला बंद केली, तरी सत्तरी-डिचोलीत नारळ, भाजी, लग्नाची भांडी अजून तिच्यातूनच फिरतात. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, रेडिएटर पुढे तोंडाशी, आणि मधे फ्लोअरखालून जाणारे लांब पाईप. मारुतीच्याच ईको व्हॅनमध्येही इंजिन सीटखालीच. त्यामुळे दोन गोष्टी होतात. सीट उचलल्याशिवाय काही दिसत नाही, म्हणून मालक कधी बघतच नाही. आणि चालत्या गाडीत खालून वारा लागतो, तो थेंब मागे नेतो. जमिनीवर डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असं धरून चालू नका. ओल्या जागेपासून वर आणि पुढे बघत जा. सगळ्यात उंचावर जिथे ओल आहे, तिथून शोध सुरू करा.

त्याही आधी, ते कुलंटच आहे ना? पावसाळ्यात एसी लावून आलेल्या गाडीखाली पाण्याचं थारोळं साचतं आणि लोक घाबरून गाडी घेऊन येतात. पांढरा कागद खाली सरकवा. एसीचं पाणी स्वच्छ, बिनवासाचं. कुलंटला रंग असतो, बोटांना बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो. चव बघू नका. त्यात इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. गोडीमुळे कुत्रं-मांजर चाटतं आणि मरतं. म्हणून ट्रेमध्ये काढलेलं कुलंट गटारात किंवा विहिरीच्या बाजूला ओतायचं नाही, झाकणाच्या कॅनमध्ये ठेवायचं. गळती बारीक असेल तर थेंब पडतच नाही, गरम लोखंडावरच सुकतो. मग मागे हिरवा, गुलाबी किंवा पांढुरका थर राहतो. तो थर ओळखणारा मुलगा माझ्या लेखी अर्धा मेकॅनिक झाला.

आता वेळेकडे या. फक्त सकाळी, थंड गाडीखाली थेंब, आणि गाडी तापल्यावर गायब? होस पाईपच्या क्लिपा बघा. जुनं रबर कडक झालेलं असतं, थंडीत आक्रसतं, तापल्यावर फुगून जागा भरतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत अशा गाड्या जास्त येतात. क्लिप आवळून प्रश्न सुटला असं वाटतं, पण कडक झालेला पाईप आवळलात तर तिथेच चिरतो. पाईप दाबून बघा; फारच कडक, किंवा फुगून लिबलिबीत झाला असेल तर बदला.

चालताना गळत असेल आणि बेल्टच्या आजूबाजूला शिंतोडे उडालेले असतील, तर वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, तपासा. तिच्या खालच्या बाजूला मुद्दाम ठेवलेलं एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये म्हणून ते भोकातून बाहेर येतं. हे भोक एम-सीलने बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. अशाने गळती थांबते आणि बेअरिंग जातं. बेल्ट काढून पुली हाताने हलवा. खेळ असेल तर वॉटर बॉडी बदलायला झालीच.

गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी थेंब पडायला लागले, तर ते विचित्र नाही. इंजिन बंद झालं की पाणी फिरायचं थांबतं, पण इंजिनाच्या वरच्या भागातली, म्हणजे गरम हेडमधली उष्णता पाण्यात उतरतच राहते, दाब वाढतो. तेव्हा रेडिएटरचे सांधे, कॅपचं रबर आणि इंजिनाच्या खालच्या ब्लॉकच्या बाजूला बसवलेले पातळ पत्र्याचे प्लग बघा. वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलेल्या गाडीत हे प्लग आतून गंजतात, आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो.

चढावर पाणी जात असेल तर प्रकरण गंभीर असू शकतं. केरी सोडून चोर्ला घाट चढताना भरलेली व्हॅन लहान गिअरमध्ये असते, इंजिनावर जोर पूर्ण आणि समोरून वारा नाही. तिथेच गाडी तापते, रेडिएटरला जोडलेली कुलंटची बाटली भरून ओसंडते. आधी कॅप तपासा. स्वस्तातलं काम आहे. कॅपवर बहुधा ०.९ आकडा असतो, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण तेवढे बार जास्त दाब ती धरून ठेवते, आणि त्या दाबाला पाणी १०० ऐवजी जवळजवळ ११८ अंशांना उकळतं. कॅपची स्प्रिंग मेली की पाणी लवकर उकळून बाटलीत पळतं. कुठेच गळती नसताना पाणी कमी होतं ते असं.

कॅप चांगली असेल तर हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीचा, म्हणजे हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. थंड इंजिन सुरू करा आणि वरच्या पाईपवर हात ठेवा, पंखा-बेल्ट सांभाळून. पाणी तापायच्या आतच पाईप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतो आहे. तिन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवा. दोन काळपट आणि एक धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्या सिलिंडरमध्ये वाफ जाते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला म्हणून मात्र लगेच हेड उतरवू नका. गोव्याच्या पावसाळ्यात घर ते बाजार एवढीच फिरणाऱ्या चांगल्या गाडीतही हवेतल्या दमटपणाने तो थर धरतो. डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं, ऑइलही दुधाळ असेल, तरच काळजी.

हीटर असलेल्या व्हॅनमध्ये पायाखालची मॅट उचलून बघायला विसरू नका. इकडे हीटर कोणी लावत नाही, म्हणून त्याची गळती कोणाच्या लक्षात येत नाही. काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल तर तोच.

एवढं करूनही सापडत नसेल तर प्रेशर टेस्टर, म्हणजे कॅपच्या जागी लावून दाब द्यायचा काट्याचा पंप. गाडी पूर्ण थंड असतानाच कॅप काढायची. गरम रेडिएटरची कॅप फडकं घेऊनही उघडायची नाही, मेस्त्री स्वतः सांगत असला तरी. टेस्टर लावून कॅपवरच्या आकड्याएवढाच दाब द्या. हौसेने जास्त दिलात तर जुना रेडिएटर तुम्हीच फोडाल. मग दहा-पंधरा मिनिटं काटा बघत बसा, हातात टॉर्च आणि छोटा आरसा. काटा उतरतो आहे आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जातं आहे. शिकाऊ मुलाला हे काम कंटाळवाणं वाटतं. मला विचाराल तर पहिल्या वर्षी मागून घ्यावं असं हेच काम आहे.

हळद, पावडर, गळती थांबवणारी बाटलीतली औषधं यांबद्दल गिऱ्हाईक विचारणारच. घाटात अडकलेल्याला घरापर्यंत आणायला चालेल. पण ती भोक बघून बुजवत नाहीत. रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी तापून परत येते.

दुरुस्ती झाल्यावर हवा काढणं महत्त्वाचं. पाईप लांब आणि आडवे, त्यात हवा अडकते. गाडीचं तोंड चढावर करून, थंड असताना हळूहळू भरा, इंजिन चालू करून पंखा लागेपर्यंत थांबा, मधेमधे पाईप दाबत राहा. वेगवेगळ्या कंपन्यांची कुलंटं एकमेकांत मिसळू नका. रंग सारखा म्हणजे माल सारखा, असं नसतं. ट्रायलला सपाट रस्त्यावर एक फेरी मारून समाधान मानू नका, जिथे पाणी जात होतं तसाच चढ घ्या. आणि गाडी देताना मालकाला सांगा: उद्या सकाळी चावी फिरवण्याआधी बाटलीतली पातळी बघून फोन करा. त्या फोननंतरच जॉब कार्डावर सही करा.