कॅमेरा सिस्टीम निवडताना: आधी प्रिंट, मग लेन्स, शेवटी बॉडी

कॅमेऱ्याच्या दुकानात गेल्यावर बोलणं बॉडीपासून, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यापासून, सुरू होतं आणि हिशोब तिथेच चुकतो. बॉडी चार-पाच वर्षांत बदलली जाते. चांगली लेन्स त्याच्या कितीतरी जास्त काळ टिकते, आणि पिशवीचं वजनही तीच ठरवते. म्हणून क्रम उलटा धरा. फोटो शेवटी कुठे आणि केवढा दिसणार, त्यासाठी कोणती लेन्स लागणार, आणि मग त्या लेन्सला कोणती बॉडी जोडायची.

प्रिंटपासून सुरुवात

लग्नाच्या अल्बमचं नेहमीचं पान १२ × १८ इंची असतं. ते ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापायला ३६०० × ५४०० पिक्सेल, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कुठलाही चांगला सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) हे आरामात करतो. फोर-के स्क्रीनला तर जेमतेम ८.३ मेगापिक्सेल लागतात. भिंतीवरची २४ × ३६ इंची प्रिंट एक मीटरवरून पाहिली, तर डोळ्याला सुमारे ९० पीपीआयपलीकडचं काही कळत नाही. पण प्रदर्शनात लोक जवळ जाऊन बघतात, म्हणून २०० पीपीआय धरा. त्याला ३५ मेगापिक्सेल पुरतात.

इथे एक गणित लक्षात ठेवावं. २४ वरून ६१ मेगापिक्सेलवर गेलं की पिक्सेल अडीचपट होतात, पण लांब बाजू ६००० वरून ९५०४ पिक्सेलवर जाते. तपशील वाढतो तो १.६ पट. फाइल मात्र पूर्ण अडीचपट होते. नियमितपणे दोन फुटांपेक्षा मोठं छापत नसाल आणि पक्ष्यांसारखं बरंच क्रॉपही करत नसाल, तर ४५ मेगापिक्सेलच्या वरचा खर्च लेन्सकडे वळवा.

मोठ्या सेन्सरचा फायदा नेमका कधी मिळतो

मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ × १३ मिमीचा, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६, फुल फ्रेम ३६ × २४ आणि फुजीच्या जीएफएक्ससारखा डिजिटल मीडियम फॉरमॅट ४४ × ३३ मिमीचा. क्षेत्रफळाच्या हिशोबाने फुल फ्रेम मायक्रो फोर थर्ड्सपेक्षा जवळपास दोन स्टॉप पुढे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), एपीएस-सीपेक्षा सव्वा स्टॉप पुढे, आणि ४४ × ३३ हा फुल फ्रेमपेक्षा पाऊण स्टॉप पुढे.

हे आकडे सगळे सांगतात. अट फारसं कोणी सांगत नाही. नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे, मुख्यतः सेन्सरवर एकूण किती प्रकाश पडला यावर ठरतो. त्यामुळे मोठ्या सेन्सरला खरोखर जास्त प्रकाश देता आला, तरच तो फायदा हाती लागतो. जास्त प्रकाश द्यायचे मार्ग दोन: शटर जास्त वेळ उघडं ठेवा, नाहीतर अॅपर्चर जास्त उघडून फोकसची खोली (पुढेमागे किती भाग स्पष्ट दिसतो ते) कमी होऊ द्या.

कास पठारावरची बारीक फुलं घ्या. खोली हवी म्हणून फुल फ्रेमवर एफ/१६ लावलं (एफ-नंबर जेवढा मोठा, तेवढं लेन्सचं छिद्र लहान), वारा आहे म्हणून शटर १/२५०, आणि आयएसओ (फोटो किती उजळवायचा त्याचं माप) ८०० वर गेला. मायक्रो फोर थर्ड्सवर तीच चौकट आणि तीच खोली एफ/८, १/२५०, आयएसओ २०० वर मिळते. दोन्हींत नॉईज जवळजवळ सारखा आणि डिफ्रॅक्शनमुळे (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने) येणारा मऊपणाही सारखाच. अशा कामाला दुप्पट पैसे आणि दुप्पट वजन वाया जातं. याउलट ट्रायपॉडवरून सह्याद्रीच्या रांगा टिपताना शटरला बंधन नसतं, बेस आयएसओवर (कॅमेऱ्याच्या मूळ, सर्वात खालच्या आयएसओवर) हवा तेवढा प्रकाश घेता येतो, आणि तिथे मोठा सेन्सर सावल्यांमधला तपशील स्वच्छ काढून देतो.

लेन्सची तुलना काचेच्या व्यासाने करा

फोकल लेंग्थला (लेन्सवर मिमीत लिहिलेला आकडा) एफ-नंबरने भागा. जो व्यास येईल, तो टेलीफोटो लेन्सच्या पुढच्या काचेचा किमान आकार. किंमत आणि वजन बहुतांशी तिथूनच येतं.

उदाहरण म्हणून ओएम सिस्टीमची मायक्रो फोर थर्ड्ससाठीची ३०० मिमी एफ/४ आणि निकॉनची फुल फ्रेमसाठीची झेड ६०० मिमी एफ/६.३ समोरासमोर ठेवू. मायक्रो फोर थर्ड्सवर चौकट दुप्पट फोकल लेंग्थसारखी येते, म्हणून आपापल्या सेन्सरवर दोघींची चौकट सारखीच, ६०० मिमीची. ट्रायपॉड कॉलरसकट दोघींचं वजन १४७० ग्रॅमच्या आसपास. पण व्यास ७५ आणि ९५ मिमी, म्हणजे निकॉनची लेन्स सुमारे १.६ पट प्रकाश गोळा करते. लहान सेन्सर म्हणजे हलकं सामान, हे गृहीत टेलीफोटोत असं कोलमडतं. ओएमची बाजू वेगळ्या मुद्द्यांवर भक्कम आहे: लेन्स बरीच स्वस्त, ओएम-१ बॉडी सुमारे ६०० ग्रॅमची (निकॉन झेड ८ ९१० ग्रॅम), आणि फोकस १.४ मीटरपर्यंत जवळ येतो, तर निकॉनचा ४ मीटरवर थांबतो. फुलपाखरं आणि चतुर टिपणाऱ्याने ओएमच घ्यावी.

ताडोब्यात पहाटे गेट उघडल्यानंतरचा पहिला तास मात्र वेगळा असतो. तिथे एफ/६.३ ला आयएसओ ६४०० लागत असेल, तर निकॉनच्याच ६०० मिमी एफ/४ वर २५०० पुरतो. त्या सव्वा स्टॉपसाठी वजन ३२६० ग्रॅम आणि किंमत तिपटीच्या आसपास. जिप्सीत बीनबॅगवर टेकवून वापरणार असाल, तर वजन सोसतं. भिगवणला होडीत हातात धरून उडते पक्षी टिपायचे असतील, तर अर्ध्या तासात हात थरथरतात आणि मिळवलेली तीक्ष्णता तिथेच जाते. हातात धरून काम असेल, तर बॉडी आणि लेन्स मिळून अडीच किलोवर जाऊ नका.

मीडियम फॉरमॅट: कोणासाठी

मीडियम फॉरमॅटचा धूसर बॅकग्राउंड फुल फ्रेमवर मिळत नाही, असा समज आहे. जीएफएक्सच्या लेन्सची फोकल लेंग्थ आणि एफ-नंबर १.२७ ने भागून बघा. जीएफएक्सवरची ११० मिमी एफ/२ फुल फ्रेमच्या भाषेत ८७ मिमी एफ/१.६ होते. फुल फ्रेमची साधी ८५ मिमी एफ/१.४ तिच्यापुढे जाते. ३२–६४ मिमी एफ/४ झूम म्हणजे २५–५० मिमी एफ/३.२, आणि फुल फ्रेमवर २४–७० एफ/२.८ सर्रास मिळते.

बेस आयएसओचंही बघा. जीएफएक्स १००एसचा बेस आयएसओ १००, निकॉन झेड ८ चा ६४. निकॉनला सुमारे दोन तृतीयांश स्टॉप जास्त एक्स्पोजर देता येतं आणि क्षेत्रफळाचा पाऊण स्टॉप जवळपास भरून निघतो. उरतो तो १०२ मेगापिक्सेलचा तपशील, आणि तो खरा आहे: ११६४८ पिक्सेल लांबी म्हणजे ३०० पीपीआयने जवळपास ३९ इंच. चित्रांची किंवा हस्तलिखितांची प्रतिकृती, दागिन्यांचं कॅटलॉग, स्थापत्याच्या मोठ्या प्रिंट यांसाठी पैसे वसूल होतात. पळती मुलं, खेळ, मंद उजेडातला लग्नाचा मंडप यांसाठी घेऊ नये. ऑटोफोकस आणि सेन्सर वाचण्याचा वेग दोन्ही कमी पडतात.

भाड्याने घेऊन चाचणी

दोन सिस्टीम एका दिवसासाठी भाड्याने आणा. दोन्ही ट्रायपॉडवर, चौकट एकच, दोन सेकंदांचा टायमर. शटर सारखं ठेवा आणि एफ-नंबर व आयएसओ सेन्सरच्या प्रमाणात बदला: फुल फ्रेमला एफ/८, आयएसओ ४००, तर मायक्रो फोर थर्ड्सला एफ/४, आयएसओ १००. मग दुसरा संच घ्या, ज्यात दोन्ही बेस आयएसओवर असतील आणि शटर हवं तेवढं लांब. पहिल्या संचातून घाईतल्या कामातला फरक कळतो, दुसऱ्यातून निवांत कामातला. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइल एकाच सॉफ्टवेअरमध्ये, शार्पनिंग सारखं ठेवून उघडा. स्क्रीनवर १०० टक्के झूम करून निकाल लावू नका; जास्त पिक्सेलचा कॅमेरा तिथे विनाकारण वाईट दिसतो. दोन्ही फाइल प्रिंटच्या मापाला आणा, त्यातला ए-४ एवढा तुकडा कापून लॅबमधून छापून घ्या आणि ज्या अंतरावरून लोक पाहणार तिथूनच पाहा. त्या तुकड्यात फरक शोधावा लागला, तर स्वस्त सिस्टीम घ्या.

याच दिवशी एलईडी दिव्यांखाली इलेक्ट्रॉनिक शटरने काही फोटो घ्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि सावकाश वाचणाऱ्या सेन्सरवर आडवे पट्टे येतात. मेकॅनिकल शटरने १/५० किंवा १/१०० वर ते सहसा जातात. सेन्सर किंचित सरकवत घेतलेले फोटो जोडून जास्त मेगापिक्सेल देणारा मोडही तपासा. ट्रायपॉडवरच्या निर्जीव वस्तूंना तो उत्तम, पण पानं हलली की कडा फाटतात.

बिलात न दिसणारा खर्च

१०२ मेगापिक्सेलची १६ बिट, कॉम्प्रेस न केलेली रॉ फाइल सुमारे २०० एमबीची. पाचशे फोटो म्हणजे १०० जीबी, आणि दोन बॅकअप धरले तर ३०० जीबी. वेगवान कार्ड, डिस्क आणि जास्त रॅमचा संगणक यांची किंमत बॉडीच्या किमतीतच मिळवून तुलना करा. ४५ मेगापिक्सेलच्या पुढे हलका ट्रायपॉडही अपुरा पडतो. एकूण रकमेतली निम्मी लेन्ससाठी आणि एक तृतीयांश बॉडीसाठी ठेवली, तर बाकीच्यात हे सगळं बसतं.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल, तर ड्राय कॅबिनेट पहिल्याच दिवशी घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. पावसाळ्यात कापडी बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, आणि एकदा ती काचेच्या कोटिंगपर्यंत गेली की साफ करूनही डाग राहतात.

लेन्स विकत घेतल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी सेंटरिंग (आतल्या काचा एका रेषेत आहेत का) तपासा. अॅपर्चर पूर्ण उघडा, दूरच्या एखाद्या इमारतीच्या खिडकीवर मध्यभागी फोकस करा, ऑटोफोकस बंद करा आणि कॅमेरा वळवून तीच खिडकी चारही कोपऱ्यांत आणून टिपा. झूम असेल, तर दोन्ही टोकांना हेच करा. चारही कोपरे सारखेच मऊ असतील, तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा वाहून गेल्यासारखा दिसला, तर आतली काच सरकलेली आहे. ती लेन्स लगेच बदलून मागा.