पेडलबोर्ड घरघरतोय? आधी पॉवर बघा

गिटारच्या इफेक्ट पेडलच्या बोर्डमधून घरघर किंवा बारीक शिट्टी येत असेल तर पेडल बदलायच्या आधी पॉवर तपासा. बहुतेकदा एकाच अडॅप्टरची वायर माळेसारखी सगळीकडे फिरवलेली असते आणि त्या माळेत एखादा डिजिटल डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) बसलेला असतो. त्याचा गोंगाट सामाईक ग्राउंडमधून (सगळ्या पेडलची एकच परतीची वायर) शेजारच्या ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे आवाज फाटका करणाऱ्या पेडलमध्ये, शिरतो आणि तिथे चांगलाच मोठा होतो. डिलेला फक्त वेगळा अडॅप्टर लावून बघा, सिग्नलच्या केबल तशाच ठेवा. शिट्टी थांबली, तर आयसोलेटेड सप्लायवर (प्रत्येक पेडलला स्वतंत्र, वेगळ्या ग्राउंडचं आउटपुट देणारा) खर्च जरूर करा. माझ्या मते तो नव्या पेडलच्याही आधी करावा.

पॉवर जॅकशेजारी छापलेलं नीट वाचा. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी आणि मधली पिन निगेटिव्ह लागते. व्होल्टेज जुळायलाच हवं. मिलिअँपिअर (करंटचं माप) मात्र सप्लायचे जास्त असले तरी चालतात, कारण पेडल हवे तेवढेच ओढतं. साध्या ओव्हरड्राइव्हचं १० मिलिअँपिअरच्या आसपास भागतं, डिजिटलला ३०० सुद्धा लागू शकतात.

जर्मेनियम पीएनपी फझ (जर्मेनियमच्या पीएनपी ट्रान्झिस्टरवर चालणारं, आवाज खूपच फाटका करणारं पेडल) माळेत जोडू नका. त्याचा ग्राउंड बऱ्याचदा पॉझिटिव्ह असतो आणि बाकीच्या पेडलचा निगेटिव्ह, त्यामुळे सप्लाय थेट शॉर्ट होतो.