किल्ली हातात देण्याआधी घरात ठरवायच्या गोष्टी

मुलाचं किंवा मुलीचं गाडी चालवायचं लायसन्स आलं की त्याच संध्याकाळी गाडीची किल्ली मागितली जाते. त्या क्षणी नियम ठरवायला बसलं तर भांडण होतं, म्हणून ही सगळी तयारी लायसन्स येण्याआधीची आहे. चाचणीच्या दोन-तीन आठवडे आधी घरातले सगळे निवांत असतील अशी वेळ काढा आणि नियम लिहायला एक वही घ्या. त्याहीआधी आईबाबांनी आपसात बोलून घ्यायला हवं. एकाने नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जायचं, ही वाट उघडी राहिली तर वहीत काहीही लिहिलं तरी व्यर्थ.

पहिल्या बैठकीत नियम सांगू नका, कारण सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे. नवशिक्याला सर्वांत जास्त धोका शिकत असताना नसतो, कारण तेव्हा शेजारी कोणीतरी जाणतं बसलेलं असतं. एकट्याने चालवायला लागल्यानंतरचे पहिले काही महिने खरे धोक्याचे. क्लच, गिअर, स्टिअरिंग यांवर हात बसायला काही आठवडे पुरतात. उभ्या बसच्या पुढून कोणीतरी पळत येईल, हे आधीच ओळखणारी नजर यायला वेळ लागतो. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने लायसन्स देण्याची पद्धत सुरू केली आणि पुढे अनेक देशांनी ती घेतली, ती याचमुळे: आधी रात्रीच्या आणि सोबत्यांच्या बाबतीत बंधनं, मग हळूहळू सूट. घरातही हेच करा. आपल्याकडचा कायदा याहून ढिला असला तरी घरचा नियम कडक ठेवायला कोणाची हरकत नाही.

सोबत्यांचा नियम सर्वांत आधी लिहा, कारण तोच सर्वांत जास्त मोडला जातो. समवयस्क मित्र गाडीत बसले की तरुण चालकाच्या जीवघेण्या अपघाताचा धोका वाढतो, आणि मित्रांची संख्या वाढेल तसा आणखी वाढतो. सुरुवातीचे सहा महिने मित्र-मैत्रिणींना गाडीत घ्यायचं नाही, पुढचे सहा महिने एकालाच घ्यायचं, असा स्पष्ट आकडा लिहा. ‘जास्त गर्दी नको’ हा नियम नव्हे, त्यातून प्रत्येक जण सोयीचा अर्थ काढतो. मित्रांना नाही म्हणणं या वयात फार अवघड जातं, तेव्हा ‘घरून परवानगी नाही’ असं खुशाल सांग, वाईटपणा आम्ही घेऊ, असं मुलांना मोकळेपणाने सांगून टाका.

मग रात्र. लो बीमचा, म्हणजे हेडलाइटच्या खालच्या झोताचा, उजेड साधारण पन्नासेक मीटर पोचतो. ताशी ८० किलोमीटर वेगात, कोरड्या रस्त्यावर आणि चांगल्या टायरवरसुद्धा, गाडी थांबायला ६५ ते ७० मीटर लागतात. म्हणजे दिसल्यावर ब्रेक दाबला तरी उशीर झालेला असतो. हे गणित मुलांना कागदावर स्वतः करू द्या. बोलणी खाण्यापेक्षा ते जास्त पटतं. गाडी परत आणण्याची वेळ ठरवा, पण उशीर होतोय म्हणून वेगात यायचं नाही, फोन करायचा, हेही त्याच ओळीत लिहा. झोपेची ओळही इथेच. सलग १७ ते १९ तास जागं असलेल्या माणसाची प्रतिक्रिया, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. अभ्यासासाठी रात्र जागून काढली असेल तर सकाळी किल्ली मिळणार नाही.

वेगाचं गणितही करून घ्या. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतर गाडी जे अंतर कापते ते चौपट होतं. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पाच सेकंद मेसेज वाचला तर ८० मीटरहून जास्त रस्ता न बघता गेला. म्हणून फोन आवाज बंद करून डिकीत किंवा मागच्या सीटवरच्या बॅगेत. रस्ता बघायचा असेल तर नकाशा गाडी सुरू करण्याआधी लावायचा. हॅन्ड्सफ्रीवरचं बोलणंही नको, त्यात हात मोकळे राहतात, लक्ष राहत नाही. इथे आपलाही एक नियम लिहा: मूल गाडी चालवत असेल त्या वेळात आईबाबा फोन करणार नाहीत. काळजीपोटी आपणच तीन-तीनदा फोन लावतो आणि उचलला नाही म्हणून रागावतो.

सीटबेल्टवर चर्चा नाही. मागच्या सीटसकट सगळ्यांनी लावल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही.

दारूबाबत नियम एका ओळीचा, शून्य. दुसऱ्या प्यायलेल्या चालकाच्या गाडीत बसणंही त्यातच आलं. पण या नियमाला जोड हवी, आणि माझ्या मते अख्ख्या वहीतली सर्वांत महत्त्वाची ओळ तीच: कितीही वाजता, कुठूनही, कोणत्याही अवस्थेत फोन कर, आम्ही न्यायला येऊ आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी, शांतपणे. हा शब्द पहिल्याच वेळी मोडला तर दुसरा फोन येणार नाही, आणि ती जोखीम कुठल्याही शिस्तीपेक्षा मोठी आहे.

नियम मोडला तर काय, हेही आधीच लिहा, रागाच्या भरात ठरवू नका. फोन हातात घेतला तर दोन आठवडे गाडी बंद. वेळ चुकली पण कळवलं होतं तर काही नाही. छोटा धक्का किंवा ओरखडा लपवला तर शिक्षा, सांगितला तर नाही. पेट्रोल, दंड, दुरुस्ती यांतलं कोण काय भरणार तेही ठरवून टाका. गाडीवर नजर ठेवणारं अॅप लावणार असाल तर सांगून लावा, चोरून नको.

आईबाबांसाठीही एक पान हवं. जे आपण पाळत नाही ते वहीत लिहू नका. सिग्नलवर फोन बघणारे बाबा आणि बेल्ट न लावता निघणारी आई मुलांनी लहानपणापासून मागच्या सीटवरून पाहिलेली असते. त्यामुळे सुधारणा आपल्यापासून आणि आजपासूनच.

लायसन्स आल्यावर लगेच एकटं सोडू नका. पावसात, अंधारात, गर्दीत आणि मोठ्या रस्त्यावर, प्रत्येक प्रकारात आपण शेजारी बसून पुरेसं चालवून घ्या. स्टेपनी बदलणं, टायरमधली हवा बघणं, गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर चालू करून इशाऱ्याचा त्रिकोण गाडीच्या मागे ठेवणं आणि रस्त्यापासून दूर उभं राहणं, हे घराजवळ करून दाखवा आणि करवून घ्या. विम्यात नव्या चालकाचं नाव कळवावं लागतं का ते विचारून घ्या. पहिली एकट्याची फेरी दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्यावर, छोटी. दर तीन महिन्यांनी वही काढून बसा आणि जे नीट पाळलं गेलं त्यातलं एक बंधन मुलांच्या समोरच खोडा.