पट्टेरी कोंबडीच्या संकरित पिलांचा रंग आधीच कसा ओळखावा

रंगाचा अंदाज बांधायला शिकताना ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबडी हीच जोडी प्रथम निवडावी, असे मला मनापासून वाटते. पांढरे पट्टे आणणारे जनुक झेड गुणसूत्रावर असते. नरात अशी दोन गुणसूत्रे आणि मादीत एकच असल्यामुळे कोंबडी ते जनुक फक्त नर पिलांना देते, तर माद्यांना झेड केवळ बापाकडून मिळत असल्याने त्या बिनपट्ट्यांच्या, काळ्या निघतात आणि मोठेपणी त्यांच्या मानेवर बहुधा तांबूस झाक येते. पहिल्याच दिवशी पिलू ओंजळीत घेऊन उजेडात डोके पाहावे. काळ्या लवेत पांढरा ठिपका दिसला, तर तो नर. जोडी मात्र उलटी लावू नये, कारण शुद्ध पट्टेरी कोंबड्याची सगळीच पिले पट्टेरी होतात.