हाड शे का दगड?

गिरणेचा पूर ओसरला की दारात एक-दोन पोरं हातात काहीतरी धरून उभी राहतात. "आप्पा, हाई काय शे? हाड शे का दगड?" मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. मेलेल्या ढोरांची चिरफाड जन्मभर पाहिली, म्हणून गावाने मला हाडांचा जाणकार ठरवून टाकलंय. नदीकाठी सापडलेलं हाड खरंच हजारो-लाखो वर्षांपूर्वीचं आहे का आणि कोणत्या जनावराचं, हे कसं ओळखायचं ते त्या पोरांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

आणलेल्या दहा वस्तूंतल्या सहा-सात तर हाडं नसतातच. दरडीत झाडाच्या मुळांभोवती चुना साचून नळ्या तयार होतात, त्या हुबेहूब बोटाच्या हाडासारख्या दिसतात. अशा वेळी मोडलेली कड बघा. हाडाला बाहेरून गच्च साल असते आणि टोकांकडे आत स्पंजासारखी जाळी. चुनखडीच्या नळीत ही जाळी नसते. लिंबू पिळून फेस येतो का बघू नका, कारण जुन्या हाडातही चुना शिरलेला असतो आणि तेही फसफसतं.

दुसरी गोष्ट, ते नेमकं कुठे होतं? आपला काळा दगड साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्यात स्फटिक मिळतील, गाय-घोडा मिळायचा नाही. गावाजवळच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडात, निघालेलं हाड बहुधा जुन्या वस्तीतल्या माणसांनी खाऊन टाकलेलं असतं. त्याला हात लावू नका, ती जागा पुरातत्त्वाची. नदीच्या उघड्या वाळूत पडलेलं हाड गेल्या वर्षी वाहून आलेल्या बैलाचंही असू शकतं. आपल्याला हवा तो उंच दरडीतला, वाळू-गोटे चुन्याने घट्ट चिकटलेला थर. हाड त्या थरातच रुतलेलं दिसलं तर उपटू नका. आधी फोटो काढा, मोबाईलवर जागेची खूण ठेवा.

ताजं की जुनं याची शंका असेल तर सुई लालभडक तापवून हाडाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्याला टेकवा. शिंग जाळल्यासारखा वास आला तर हाड अलीकडचं. वास आला नाही म्हणून मात्र लगेच लाख वर्षांचं समजू नका. रंगावर तर अजिबात जाऊ नका. काळ्या गाळात पडलेलं कालचं हाडही काळंच होतं.

आता ओळख. यासाठी कुठलं पुस्तक आणायची गरज नाही, रविवारी बोकडाचा पाया आणा. (माळकरी असाल तर शेजाऱ्याकडून उकडलेलं हाड मागून घ्या, रश्शाचं पाप लागत नाही.) गुडघ्याखालची नळी स्वच्छ करून हातात धरा. खालच्या टोकाला शेजारी-शेजारी दोन कप्प्या दिसतील, विहिरीच्या रहाटाला असते तशा. समोरून मधोमध एक बारीक उभी चीर जाते. मुळात ही दोन हाडं, ती जुळून एक झाली त्याची ती खूण. गाय, म्हैस, हरीण, रोही (नीलगाय), सगळ्यांची नळी याच घडणीची, फक्त आकार लहान-मोठा. पुढच्या पायाची नळी आडवी मोडलेली असेल तर एका बाजूने चपटी दिसते, मागच्या पायाची जवळजवळ चौकोनी. खाली एकच कप्पी आणि तिच्या मधून उंचवटा असेल तर तो घोडा किंवा गाढव. कप्पीच गायब असून टोक खडबडीत, लाटालाटांचं दिसलं तर ते मोडलेलं आहे असं समजू नका. गोऱ्ह्याचं दोन-अडीच वर्षांपर्यंत ते टोक नळीला सांधलेलं नसतं, मेल्यावर सुटून जातं.

पण खरी साक्ष दातांची. नळी एकवेळ फसवते, दाढ सहसा फसवत नाही. दाढ चावण्याच्या बाजूने, अगदी वरून बघा. रवंथ करणाऱ्याच्या दाढेवर चंद्रकोरी असतात. गाय-म्हैस-रोही यांच्या दाढेत कोरींच्या बेचक्यात एक बारीक खांबही उभा असतो, शेळी-मेंढीच्या दाढेत तो नसतो. घोड्याची दाढ लांब चौकोनी कांडीसारखी, वर वळणावळणाची नक्षी, जणू कोणी मोडीत सही केलीय. डुकराची दाढ गुठळ्यागुठळ्यांची असते, ती बघून लोक माणसाची म्हणून घाबरतात. हत्तीची म्हणजे पापडांची चवड उभी करून चुन्यात बसवावी तशी. सुटा एकच पापड सापडला तर भलेभले चकतात. आणि झिजलेल्या दाढेवर बेलाच्या पानासारखी तीन पाकळ्यांची खूण दिसली तर माझ्याकडे पळत या, ते पाणघोड्याचं लक्षण आहे. हसू नका. नर्मदेच्या आणि मांजरेच्या गाळात पाणघोडे मिळालेत. शहामृगही इथे होता: आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला सत्तरच्या दशकात पुरातत्त्वज्ञ सा. अ. साळींच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे.

शिंग असेल तर मोडलेला भाग बघा. सांबर-चितळाचं शिंग भरीव हाडाचं. गाय-म्हशीच्या शिंगाच्या आतलं हाड पोकळ, कप्प्याकप्प्यांचं.

नाव देताना हात आखडता घ्या. गाय की म्हैस हे एका नळीवरून जाणकारांनाही अवघड जातं. "मोठं, रवंथ करणारं, पुढच्या पायाचं" एवढं लिहिलंत तरी पुष्कळ झालं. मी स्वतः एकदा एका घोड्याच्या दाढेवर गव्याचा शिक्का मारून आठ दिवस गावभर सांगत फिरलो होतो. पुढे तीच दाढ धुतली आणि गच्चीवर उन्हात ठेवली, संध्याकाळपर्यंत तिचे उभे तीन तुकडे. तेव्हापासून नियम केलाय: पाण्यात बुडवायचं नाही, मऊ ब्रशने कोरडी माती झाडायची, सावलीत कागदात गुंडाळून चार-सहा दिवस वाळू द्यायचं. सुताराचा पांढरा गोंद लावू नका, पुढच्या तपासणाऱ्याला तो काढता काढता नाकी नऊ येतात.

माणसाची कवटी किंवा जबडा वाटला तर तिथेच थांबून पोलीस पाटलांना बोलवा. हरणाचं शिंग किंवा हस्तिदंत ताजं वाटलं तर वनखात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते घरात ठेवणं अंगाशी येतं.

बाकी हाडं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखवता येतात, तिथे प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास चालतो. आधी फोटो पाठवा, हाड नाही. शेजारी शाळेची पट्टी ठेवून सहा बाजूंनी काढा. सांध्याचं टोक समोरून आणि दाढ वरून, हे दोन फोटो चुकवू नका. पिशवीत चिठ्ठी टाका: गाव, नदी, दरडीत वरून किती हात खाली, तारीख. पेन्सिलीने लिहा, शाई ओलीने पसरते.