डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली? आधी मेडिकल बोर्डाचे कागद हातात घ्या

आमच्या सातारा-सांगलीकडं घराघरात फौजी, पण डिसॅबिलिटी पेन्शन (नोकरीमुळं आलेल्या आजार-अपंगत्वाची पेन्शन) नाकारल्याचं पत्र आलं की बरेच जण ते कपाटात ठेवून गप्प बसतात, हे बघून फार वाईट वाटतं. तसं करू नका. पत्राची तारीख बघा, पहिलं अपील साधारण सहा महिन्यांच्या आत करायचं असतं. त्याआधी रिलीज मेडिकल बोर्डाच्या (नोकरी सोडताना होणाऱ्या वैद्यकीय तपासणीच्या) रिपोर्टची पूर्ण कॉपी रेकॉर्ड ऑफिसकडून (जिथं जवानाचे सर्व्हिसचे कागद असतात) मागा, नाही दिली तर आरटीआय टाका. त्यात 'आजाराचा सर्व्हिसशी संबंध नाही' एवढंच लिहिलंय का कारणही दिलंय ते नीट वाचा, कारण सुप्रीम कोर्टाने 2013 च्या धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीत झाला असं धरायचं, उलटं सिद्ध करायचं काम जवानाचं नाही. म्हणून भरतीचे मेडिकल पेपर सोन्यासारखे जपा. सप्टेंबर 2023 नंतर रिटायर झालेल्यांना मात्र नवे नियम आहेत, ते वेगळे वाचा. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. अपिलातही नकार आला तर मुंबईला आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं (फौजींच्या केसेस ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचं) बेंच आहे.