नागपुरात बसून समुद्रावरची पीएच.डी.

मासेमारीत माणसं एकमेकांना कधी धरून राहतात आणि कधी नाही, हा माझा विषय. समुद्र नागपूरहून दिवसभराच्या रेल्वेप्रवासावर, तरी सुरुवातीला हे शहर सोयीचंच. पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे. शिवाय भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांनी (जमीनदारांनी) बांधलेले, जवळ. ढिवर या मासेमार समाजाच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात, प्रश्नावली आधी तिथे घासून बघा.

वाचायला पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिनचा 1968 चा लेख हातात पडेलच: सामायिक गोष्टीची माती होणारच, असा त्याचा सूर. मग राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचा. लोक स्वतः नियम करतात आणि पाळतातही, हे दाखवणाऱ्या त्यांच्या कामाला 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आमचा मुख्य प्रयोग चिंचोक्यांचा. पाच खेळाडू, मधे 40 चिंचोके, म्हणजे मासे. प्रत्येकाने गुपचूप पाचपर्यंत उचलायचे. उरलेले दुप्पट होतात, पण 40 च्या वर नाही. सगळ्यांनी चार-चार घेतले तर साठा कायम 40. पाच-पाच घेतले की आधी 30, मग 10, आणि तिसऱ्या फेरीत खेळ खलास. काही फेऱ्या मुक्याने, पुढच्या बोलून खेळवा. खरी गंमत त्या बोलण्यात. प्रत्येक चिंचोक्याला खरे पैसे द्या, नाहीतर सगळेच संत.

खेळावर मात्र थांबू नका. मालवणकडे रापण बघा: होडीने अर्धवर्तुळात जाळं सोडतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढतात. मासळीचे वाटे पडतात तेव्हा वही उघडा. जाळ्याचा वाटा किती, आजारी माणसाचा पडतो का, उशिरा दोराला हात लावणाऱ्याला काय? "तुम्ही सहकार्य करता का?" असं विचारलंत तर "हो" एवढंच उत्तर मिळेल. मला एका आजोबांनी उलट विचारलं, "नागपुराक समुद्र नाय, मगे हय कित्याक इलंस?" तलावाच्या ठेक्याचं सांगितलं, तर तेच मला तासभर प्रश्न विचारत बसले.

बेकायदा जाळ्यांबद्दल थेट विचारू नका, नावं लिहू नका आणि नैतिकता समितीची परवानगी वेळेत काढा, तिला महिने लागतात. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी, तेव्हा खलाशी जाळी विणत घरी सापडतात. मुलाखती तेव्हाच उरका. निष्कर्ष सांगायची बैठकही त्याच काळात ठेवा. एकदा बोटी सुटल्या की तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, भेटत नाही.